पाद्र्यांच्या हातातली चिठ्ठी

१३ सप्टेंबर १८६८, रविवार, सकाळचे अकरा. लुईस बेटावरच्या चर्चमध्ये बेचाळीस माणसे. बाप्तिस्म्यापूर्वी बाळाचे नाव उच्चारायचे नाही, म्हणून बाळाच्या बापाने, इव्हर मॅकॉलेने, ते चिठ्ठीवर लिहून पाद्र्यांच्या हाती दिले. ती चिठ्ठी त्याने शुक्रवारी बंदरावरून परतल्यावर लिहिली होती.

"सासऱ्यांचं नाव तर थोरल्यानं पटकावलं. आता उरलंय काय गं, बेथाग?" शेजारीण बाळाच्या आईला कुजबुजली.

"माझ्या बापाचं! थोरला मासेमारीहून येऊ दे, धाकट्याला खांद्यावरून उतरवायचा नाही."

पाद्र्यांनी चिठ्ठी उघडली. "मर्डो."

 

'समुद्राचा योद्धा' या अर्थाचे ते इव्हरच्या वडिलांचे नाव घरात एका वेळी एकाच जिवंत मुलाला देत असत. थोरल्या मर्डोचे वय एकोणीस होते.