नारिंगी जाळी

"बाबा, आपलं घर बांधलं तेव्हा असे खांब कोणी रोवले होते?"

मैत्रिणींची पैज होती : भर बैठकीत विचारून दाखव. टेसाने विचारलं, तेही हातात चीजची बशी घेऊन.

दिवाणखान्यात बैठकीला जमलेले शेजारी तिच्याकडे वळले. समोरच्या काचेतून टेकडीचा उतार दिसत होता. बांधकामाआधी इमारतीचा आकार दाखवायचा, या गावच्या नियमाप्रमाणे त्यावर उंच खांब रोवून नारिंगी जाळी ताणली होती. इथे तीन मजली भाड्याची घरं येणार, एवढी उंच, एवढी रुंद, आधीच बघून घ्या. ती येऊ नयेत म्हणून गावात नोव्हेंबरमध्ये 'टेकडी वाचवा' प्रस्तावावर मतदान होतं आणि टेसाचे बाबा, डग हॅलोरन, त्याचे म्होरके.

"तेव्हा तो नियम नव्हता," बाबा हसत म्हणाले.

"म्हणजे कुणाला न विचारता बांधलं."

"टेसा, ऑलिव्ह आण गं," आई घाईने म्हणाली.

"आणते. त्या जाळीचा डावीकडचा वरचा कोपरा दिसतोय? ती इत्झेलची खोली."

"कोण इत्झेल?" शेजारच्या मिसेस प्रॅटनी विचारलं.

"माझ्या वर्गातली. त्यांचं भाड्याचं घर मालकाने विकलं. गावात दुसरं परवडत नाही. खांबांच्या मधोमध उभं राहून आम्ही ठरवलंय, तिचा पलंग कुठे, खिडकी कुठे. तुमचा प्रस्ताव पास झाला की ती गेली. शाळेतून, गावातून, सगळ्यातूनच."

बाबांचं हसू गेलं. "बाळा, हे एका मुलीपुरतं नाहीये. गेल्या वर्षी वणवा कुठवर आला होता, विसरलीस? हा उतार ठिसूळ आहे."

"आपणही त्याच उतारावर राहतो."

कुणीतरी उगाच खोकलं.

"तू वर जा," बाबा म्हणाले. "आपण नंतर बोलू."

टेसाने बशी मिसेस प्रॅटच्या हातात दिली. जिन्याकडे न जाता ती सरळ पुढच्या दारातून बाहेर पडली आणि दार लावून घेतलं. बाबांनी मान हलवत पुन्हा बोलायला सुरुवात केली.

तेवढ्यात बेल वाजली.

आईने दार उघडलं. टेसा पायपुसण्यावर ताठ उभी होती, केस कानामागे सारलेले.

"नमस्कार. मी टेसा हॅलोरन. टेकडीच्या प्रस्तावाला 'नाही' म्हणा, हे सांगत मतदानापर्यंत रोज संध्याकाळी घरोघर फिरायचं ठरवलंय मी. जरा बाबांनाही बोलाव, आई. सुरुवात तुमच्या घरापासून करतेय."