बसनं नको

“बसनं नको. आज आगगाडीनं जाऊ,” अलोन्झो म्हणाला.

व्हर्डेलचा एक पाय बसच्या पायरीवर होता. तिनं वळून नवऱ्याकडं पाहिलं. फिलाडेल्फियाहून अटलांटिक सिटीला ती वीस वर्षं याच बसनं जात होती. बस थेट कसिनोच्या दारात थांबते. कसिनोची मुलगी आत चढते, एकेकाचं कसिनोचं कार्ड तपासते आणि मशीनवर खेळायला फुकट कूपन हातात ठेवते. आगगाडीत कोण काय देतं?

“डीकन, तुमच्या दोन जागा धरल्यात,” खिडकीतून चर्चमधली सिस्टर पिंकनी म्हणाली. “का आज आमचा वास येतोय?”

बसमधले सगळे हसले. निम्मी बस त्यांच्याच चर्चची होती आणि अलोन्झो तिथला डीकन, पाळकबाबांच्या हाताखालचा सेवक. अलोन्झो हसला नाही. त्यानं व्हर्डेलचं कोपर धरलं आणि तिला स्टेशनाकडं वळवलं.

गाडी नदी ओलांडून शेतांतून धावू लागली, तरी तिला काही उमगेना. मंगळवारी हा चर्चचा सूट घालून कुठंसा गेला होता. आला, तो न जेवताच झोपला. रविवारी पाळकबाबांचं प्रवचन नेहमीसारखं बोलण्यातून हळूहळू गाण्यात चढलं, ऑर्गन त्यांच्या शब्दाशब्दाला साथ देऊ लागला, सगळं चर्च उभं राहिलं. “होय, प्रभू” असा पहिला प्रतिसाद एरवी अलोन्झोचाच असायचा. त्या दिवशी तो मान खाली घालून बसून राहिला.

“कुणी बाई आहे का रे?”

“सदुसष्टाव्या वर्षी? मला घरचे जिने चढवत नाहीत.”

“मग डॉक्टर काही म्हणाले?”

“नाही.”

म्हणजे ईस्टरचं अजून मनात असणार. त्या सकाळी चर्चचा गायनवृंद तिच्या गाण्यासाठी खोळंबला होता आणि ती मशीनपुढं बसली होती, “आणखी एकदाच” म्हणत. अलोन्झो तिचा कोट सांभाळत शेजारी बसून होता. तो कधी खेळत नसे. पण तिला एकटी सोडतही नसे, आणि तो डावीकडं नसला तर तिलाही खेळायला बसवत नसे. ईस्टरबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता. तो ओरडला असता, तर बरं वाटलं असतं.

“घर विकायचं आहे का? की मला सोडून चाललास?”

“व्हर्डेल, जरा बाहेर बघ. शेतं हिरवी झालीत.”

“मी शेतं बघायला निघाले नाही.”

स्टेशनापासून ते दोघं चालत आले. कसिनोच्या काचेच्या दाराशी अलोन्झो थांबला.

“तू जा. मला आत येता येणार नाही.”

“का?”

“स्वतःहून प्रवेशबंदी मागणाऱ्यांची सरकारी यादी असते. मंगळवारी त्या यादीत नाव घातलं. पाच वर्षांसाठी. फोटोही घेतला त्यांनी. बसमध्ये त्या मुलीनं सगळ्यांदेखत माझं कार्ड नाकारलं असतं.”

“तुझं नाव?” व्हर्डेल म्हणाली. “ती यादी तर जुगाराच्या आहारी गेलेल्यांची.”

“तसंच लिहिलेलं होतं कागदावर. खाली सही केली.”

“खोट्यावर? अरे, तू डीकन आहेस. आयुष्यात एक बटण दाबलं नाहीस.” तिनं आवाज खाली आणला. “माझ्याशिवाय तू इथं येत होतास का?”

“नाही.”

“मग मला काही कळेल असं बोल.”

अलोन्झोनं टोपी काढली. दार उघडलं, कुणी बाहेर आलं, आतल्या मशीनांचा किणकिणाट आला आणि दार मिटल्याबरोबर थांबला.

“मी तुझंच नाव घालायला गेलो होतो,” तो म्हणाला. “तिथली बाई म्हणाली, दुसऱ्याचं घालता येत नाही, ज्याचं त्यानंच येऊन घालायचं. म्हटलं, मग आमच्या घरातलं एक तरी नाव लिहून घ्या.”