मागून आणलेली बाबागाडी

दमयंतीबाईंनी नाकाला लावलेला पदर काढलाच नाही.

अंगणाच्या मधोमध ती बाबागाडी उभी होती. गादीवर सुकलेल्या ओकारीचा थर, कडेला लाळेत भिजलेली भाकर, खालच्या जाळीत अर्धं चावलेलं टमाटं, आणि त्यावर माशाच माशा. शिवाय मुताचा वास! शी! उन्हात तो असा काही उठला होता की बाई दोन पावलं मागे सरल्या.

"हीच का ती?"

"हाव बाई, हीच," तुळजाबाई म्हणाली. "माही पाची नातवंडं बसली इच्यात."

तुळजाबाई आदिलाबादच्या बाजारात भाजी विकायची. वीस वर्षं दमयंतीबाई तिच्याकडूनच मेथी-वांगी घेत होत्या. तलमडुगू खेड्यातल्या तिच्या घरी मात्र त्या आज पहिल्यांदा आल्या होत्या, आणि देवा, ही शेवटचीच वेळ असू दे, असं मनात म्हणत होत्या.

पण करता काय? सून प्रियदर्शनीची दोन बाळं गेली होती. एक सहा दिवसांचं, दुसरं अडीच महिन्यांचं. आता तिसरी मुलगी. अठरा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत काढून ती उद्या घरी येणार होती. अशा बाळाला पहिल्यांदा नव्या वस्तूत घालायचं नसतं. ज्या घरातली सगळी लेकरं जगली, त्या घरातून मागून आणायचं. झबली-दुपटी बाईंनी शेजारून मागून आणली होती.

अडलं होतं ते पाळण्यापाशी. दोन्ही बाळं ज्या पाळण्यात निजली, त्याच्याकडे सून बघायलाही तयार नव्हती. तिला बाबागाडी हवी होती. आता चार-पाच लेकरांनी वापरलेली बाबागाडी आणायची कुठून? ज्यांच्या घरी गाडी, त्यांच्या घरी एकच लेकरू. काल भाजी घेता घेता हे सांगताना बाईंना भर बाजारात रडू फुटलं. तेव्हा तुळजाबाई वांगी तोलायची थांबली. म्हणाली, "हाय आमच्या घरी. उद्या सकाळी या."

तर ही ती गाडी.

"अगं, घरी नेऊन धुऊ," यजमान अनंतराव हळूच म्हणाले.

"हे धुऊन जाणार आहे? अहो, वास बघा जरा!"

तरी बाई खाली वाकल्या. घाण असो नाहीतर काही असो, निवड नीट व्हायला हवी होती. शहरातली तीन दुकानं फिरून त्यांनी सगळं विचारून ठेवलं होतं. एवढ्याशा बाळाची मान धरत नाही, तेव्हा गाडीची पाठ पूर्ण आडवी व्हायला हवी. ब्रेक पक्का हवा. पट्टा खांद्यावरून हवा. हातरुमालात बोटं गुंडाळून त्यांनी एकेक करून पाहिलं. पाठ सपाट आडवी झाली. ब्रेक खट्‌कन लागला. पट्टाही घट्ट होता, फक्त त्याला कसली तरी जिलबी चिकटली होती. चाकांच्या रबरावर बारीक काळे केस उभे होते, डुकराचे की कशाचे कोण जाणे! बाईंच्या अंगावर काटा आला.

"पाचही बसली ना यात? नक्की?"

"देवाशपथ, बाई. एक बी सोडलं नाही."

"शेवटचं कधी बसलं?"

"आत्ता, तुमी येईपावतर बसून होतं. तेनंच तं मुतलं."

दमयंतीबाईंनी डोळे मिटून घेतले. काय ही माणसं! पोटच्या पोरांना असल्या उकिरड्यात बसवतात, आणि तरी एकेक पोर कसं टणक. आपल्या घरी सगळं उकळून, पुसून घेतात, आणि तिथे दोन गेली. त्यांना त्या पोरांचा रागच आला, आणि राग आल्याची लाजही वाटली नाही.

दारात तुळजाबाईची सून नेहा उभी होती. महिन्याचं बाळ छातीशी, डोळे बाबागाडीवर. 'या' नाही, पाण्याचा पेला नाही. फुकट चाललंय म्हणून जळफळाट, दुसरं काय, असं बाईंनी ठरवून टाकलं.

चहा त्यांनी नाकारला. पिशवीतलं ब्लाउजपीस आणि नारळ तुळजाबाईच्या पदरात वरूनच टाकलं, बोटाला बोट लागू दिलं नाही. तुळजाबाईनं ते कपाळाला लावलं.

"जगंल हो बाई तुमची नात," ती म्हणाली. "पाचीचं आयुक्ष लागो तिले."

अनंतराव गाडीची घडी करायला लागले, तर बिजागऱ्या हलेनात.

"तेलाचा थेंब कधी दाखवला असेल तर ना!" बाई पुटपुटल्या.

शेवटी जोर लावून घडी झाली. डिकीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून, त्यावर ती आडवी टाकून, चारही काचा उघड्या ठेवून दोघं निघाले. एक चिमुरडी "माही गाडी, माही गाडी" करत फाटकापर्यंत रडत धावली. तुळजाबाईनं तिला उचलून घेतलं.

मोटार कपाशीच्या शेतांमागे दिसेनाशी झाली, तशी नेहा अंगणात आली. तिचे डोळे भरले होते.

"आत्याबाई, शुक्रवारी बारशाले माहा भाऊ येऊन राह्यला. त्यानं पाठवलेली बाबागाडी कुठं हाय म्हनंल, तं काय सांगू त्याले?"

तुळजाबाईनं कडेवरच्या पोरीचं नाक पदरानं पुसलं.

"लेकरासाठी रडत होती गं ते बाई. आपली पोरं टोपल्यात वाढली, हे कोन्या तोंडानं सांगू तिले? म्हून काल आल्या आल्या खोकं फोडलं, अन् तवापासून पाचीले आळीपाळीनं बसवून राह्यली होती."