बातमीनंतरचा शुक्रवार

"आधी बातमी, मग अल्बम," मॅनेजर म्हणाला. "मध्ये पंधरा दिवस हवेत. लोकांचे डोळे पुसून व्हायला तेवढा वेळ लागतोच."

गॅरेजच्या वरच्या तालमीच्या खोलीत चौघं बसले होते. आवाज खाली जाऊ नये म्हणून भिंतींवर अंड्यांचे ट्रे ठोकलेले. पाचवी खुर्ची रिकामी होती. ती गायकाची. त्याचा गळा असा दणदणीत, की सगळे त्याला भोंगाच म्हणत.

ड्रमर हा भोंग्याचा सख्खा मावसभाऊ. सकाळपासून त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"एकदा तरी भरलेलं सभागृह बघू दे की रे त्याला," तो म्हणाला. "जन्मभर याच दिवसाची वाट बघितलीय त्यानं. आधी प्रकाशन करू. मग जे व्हायचं ते होऊ दे."

"भरलेलं?" मॅनेजर हसला. "आधीचे दोन अल्बम विसरलास? कुत्रं फिरकलं नव्हतं. हा तिसरा पडला की कंपनी आपल्याला नारळ देणार."

त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्यांनी नोकऱ्या सोडून बँड धरला होता. आता धड ना इकडचे, धड ना तिकडचे.

मॅनेजरची पद्धत एकच. प्रकाशनाचा शुक्रवार आधी पक्का करायचा आणि तिथून उलटं मागं यायचं. पहिलं गाणं कधी, पोस्टर कधी, मुलाखती कधी. या वेळी भोंग्याचा आवाज त्यानं सगळ्यात आधी रेकॉर्ड करून घेतला होता, वर पुढच्या अल्बमची चार गाणीही. एवढी घाई कशाला, असं बिचाऱ्यानं एका शब्दानं विचारलं नाही.

गिटारवाल्यानं एक फोटो पुढं केला. "हा हसरा बरा वाटतो."

"हसराच हवा. बघताना जीव हळहळला पाहिजे लोकांचा."

कीबोर्डवालीनं चार ओळी लिहून आणल्या होत्या. 'आमचा सूर गेला' इथपर्यंत आली आणि तिला रडूच फुटलं.

"त्या दिवशीही अशीच रड," मॅनेजर म्हणाला. इतका कोडगा माणूस!

"आणि मावशीचं काय?" ड्रमरनं विचारलं. "तिला आधी थोडी कल्पना द्यावी का? एकुलता एक आहे तो तिचा. एकदम कानावर आलं तर हाय खाईल ती."

"आधी कुणालाच काही बोलायचं नाही. नंतर तू बस तिच्याजवळ."

ड्रमर काठ्या नुसत्याच बोटांत फिरवत राहिला. दोघं भाऊ लहानपणी एका ताटात जेवलेले.

"त्याला फार त्रास नाही ना होणार?"

"नाही रे. चटकन आटपतं म्हणतात."

खाली गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"ठेवा मग तोच शुक्रवार," ड्रमर म्हणाला.

मॅनेजरनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल काढला. कीबोर्डवालीनं नाक पुसलं.

तेवढ्यात जिना धडधडला. दोन-दोन पायऱ्या एकदम चढत भोंगा आत आला. घामाघूम, लालबुंद, काखेत फुटबॉल.

"मला सोडून कसली खलबतं चाललीत रे? ठरली का तारीख?"

"ठरली," मॅनेजर म्हणाला. "आणि त्याच्या पंधरा दिवस आधी धरणावर जायचंय. होडीतून मधोमध जाऊन फोटो काढू. आपण पाचच जण."

"होडीतून?" भोंगा खुर्चीत धपकन बसला आणि हसला. "बाबांनो, मला पोहता येत नाही, माहितीय ना?"

"माहितीय," मावसभाऊ म्हणाला.