तिसरी भाकरी

शेतीचा सल्लागार माझ्या चुलीपुढं बसून तिसरी भाकरी मोडत होता. सकाळी देवळात त्यानं गावाला शेतीतली जोखीम कशी टाळायची ते शिकवलं होतं. जेवायला मात्र माझ्याकडं आला, कारण यंदा घरचं धान्य माझ्याच कणगीत होतं.

जुलैत हाच शहाणा बांधावरून ओरडला होता, "सोयाबीनमधल्या बाजरीच्या ओळी उपटा, मावशी! कसली अडाणी शेती ही?" बाकी गावानं आपापल्या शेतातल्या उपटल्या, मी नाही. मग महिनाभर पावसानं ओढ दिली. सोयाबीन सगळ्यांचंच वाळलं, माझी बाजरी तेवढी उभी राहिली.

"झकास भाकरी! कुठली बाजरी, मावशी?"

"तुम्ही उपटायला सांगितलेली."

त्याचा घास हातातच राहिला. आता तरी लाजेल, असं मला वाटलं.

"ठेचा वाढा थोडा," तो म्हणाला.