दुसरं मनगट

"बाई, पट्टी काढू का?" तपासणी अधिकारी कासकरांनी विचारलं. "बाकीचे मालक भाड्याचा माणूस बसवतात. कायद्याला चालतं."

"जेट्टी माझी, आणि गुदमरायचं दुसऱ्याने?" विलासिनी खोत धापा टाकत म्हणाल्या.

बांधकामाआधी मालकाला सक्तीच्या असलेल्या तपासणीच्या वीस दिवसांपैकी हा पंधरावा. जेट्टी झाल्यावर खाडीचं काय होईल ते संगणक दिवसाला एक वर्ष या वेगाने मांडत होता, आणि चिखलातल्या शिंपल्यांना, म्हणजे तिसऱ्यांना, होणारा त्रास मनगटावरच्या पट्टीतून विलासिनीबाईंच्या छातीत उतरत होता. आज तिसऱ्या गाळाखाली गाडल्या जात होत्या.

शेजारी सुगंधा तांडेल बसली होती. ओहोटीला तिसऱ्या काढून जगणारी, जेट्टीविरोधी मोर्चात सगळ्यांत पुढे असलेली. रोज भांडायला यायची, आज पेज घेऊन आली होती.

"खडकाकडे गाळ साचत नाही," ती हळूच म्हणाली.

विलासिनीबाईंनी डोळे मिटले. "कासकर, आराखड्यात जेट्टी खडकाकडे न्या."

"मग तिथल्या खडकाला चिकटलेल्या कालवांची तपासणी, बाई. पुन्हा पहिल्या दिवसापासून."

त्यांनी दुसरा हात पुढे केला. पट्टीने पहिल्याचं सालपट निघालं होतं.

सुगंधाने कासकरांच्या हातातून पट्टी घेतली आणि स्वतः बांधली, दुखणार नाही अशी.