तुमी हलला

"आबा, हलू नका हां," फोटोग्राफर संभाजी सवयीनं बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. उसाच्या ट्रॉलीवरून पडल्यापासून आबांचं मानेखालचं अंग गेलं होतं. मुलगा हिंदुराव रोज तेल चोळायचा, पण बोटसुद्धा हललं नव्हतं. आज फोटोसाठी त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. मांडीवर घोंगडं, घोंगड्यावर दोन्ही हात.

दाराशी उभा हिंदुराव हसला. "पुतणीच्या लग्नात आमी सगळी हललो म्हणून फोटू पुसट आलं म्हनं. आता आबांचा पुसट आला तर कुणावर ढकलणार, संभाजीराव?"

खरं तर हलायचा तो संभाजीचाच हात. चहाची बशी धरली तरी थरथरायचा. पण गिऱ्हाइकाला तो बेधडक सांगायचा, "तुमी हलला." बिचारी माणसं मानायची. खरं बाहेर पडलं असतं तर सणसरमधल्या त्याच्या दुकानाला कुलूपच लागलं असतं.

फ्लॅश उडाला की आबा डोळे मिटून घ्यायचे, आणि खाटेमुळं खोलीत कॅमेऱ्याची तिवई मावत नव्हती. खिडकीच्या उजेडात शटर जास्त वेळ उघडं ठेवणं भाग होतं, म्हणजे कापऱ्या हाताचं मरणच. सगळी भिस्त होती ती बारामतीहून आणलेल्या रबरी वाटीवर. ती कॅमेऱ्यात डोळा लावायच्या जागी बसवायची. दुकानदारानं बजावलं होतं, "डोळ्याला घट्ट दाबायची. कॅमेरा नुसत्या हातात नगं, कपाळाला टेकला पायजे." संभाजीनं वाटी डोळ्यावर दाबली, कोपरं बरगड्यांशी आवळली, श्वास धरला. बटण दाबलं.

फोटो धुऊन येईपर्यंत त्याला घास गोड लागला नाही. बारामतीच्या लॅबच्या दारातच त्यानं पाकीट फाडलं. आबांच्या दाढीचा खुंट न् खुंट दिसत होता. त्याला रडूच फुटलं. मग नजर खाली गेली. उजव्या हाताची बोटं पुसट होती.

मेलो, असं त्याला वाटलं. हिंदुराव आता गावभर करणार. त्यानं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. बोटांखालच्या घोंगड्याचा धागा न् धागा लख्ख होता. कॅमेरा हलला असता तर घोंगडंही पुसटच आलं असतं की!

त्यानं लुना काढली ती थेट शेळगावात, हिंदुरावच्या दारात थांबवली. फोटो पुढं करताना त्याचा हात लटलट कापत होता. या वेळी त्यानं तो लपवला नाही.

"हिंदुराव, आजपातूर समद्यांशी खोटं बोललो. हलायचा त्यो माझाच हात. पण शप्पत सांगतो, ह्या फोटूत मी न्हाय हललो. आबा हललं."